ग्रीक नको म्हणणारांस

ज्या ग्रंथाच्या आधारानें आयुष्यभर लोकांस उपदेश करावयाचा, लग्नाच्या व मर्तिकाच्या प्रसंगीं ज्यांतील वचनें त्यांच्या कानांवर घालावयाचीं, तो ग्रंथ मूळांत काय म्हणतो हें स्वतः वाचून पाहण्याची उपदेशकास गरज नाहीं, असें मत एखाद्या अडाण्यानें मांडिलें असतें तर त्याचें आम्हांस नवल वाटलें नसतें. परंतु तें मत आज विद्वानांच्या सभेंत, आणि तेंही धर्मशिक्षणाची सुधारणा म्हणून, मोठ्या आत्मविश्वासानें मांडलें जात आहे. गेल्या वर्षीं चार महिने आमचा मुक्काम अमेरिकेंत कन्येच्या घरीं होता. त्या गांवीं एक जुनी प्रॉटेस्टंट सेमिनरी, म्हणजे पाद्री होऊं इच्छिणारांचें पदवीनंतरचें धर्मविद्यालय, आहे. संस्कृताचा थोडाबहुत व्यासंग असल्यामुळें ग्रीकाची ओढ आम्हांस कॉलेजांत शिकत होतों तेव्हांपासूनची. पोटासाठीं मात्र इंग्रजी शिकवीत आलों. तेथील गुरुजींनीं कृपाळूपणें आपल्या प्रथमवर्गाच्या मागच्या बाकावर बसण्याची आम्हांस परवानगी दिली. आम्ही तेथें असतांनाच, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांतील ग्रीकाची सक्ती काढून तो विषय ऐच्छिक करावा, अशी सूचना पुढें आली, आणि तिच्यावर झालेल्या जाहीर चर्चेस आम्हीही हजर होतों. पाहुण्यानें यजमानाच्या घरांत तोंड घालूं नये म्हणून त्या दिवशीं गप्प बसलों. तेथें गिळलेलें येथें बोलून टाकतों.

आम्ही ख्रिस्ती नव्हों. तेव्हां परधर्मीयांच्या अभ्यासक्रमाची उठाठेव आम्हीं कां करावी, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, बायबल हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतलाही एक ग्रंथ आहे. श्रीरामपूरच्या केरीसाहेबांनीं नवा करार मराठींत छापिला तो १८११ सालीं. अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले ते १८१३ सालीं, आणि त्या मिशनच्या छापखान्यांतून मराठी नवा करार निघाला तो १८२६ सालीं. ह्यांपैकीं नॉट हा अँडोव्हर येथील सेमिनरींत शिकलेला. ती सेमिनरी १८०७ सालीं स्थापन झाली होती, आणि मोझेस स्टुअर्ट ह्यांच्यासारखा ग्रीक-हिब्रूचा नादिष्ट अध्यापक पुढें तिला लाभला. म्हणजे तिकडच्या वर्गांत काय शिकवितात व काय गाळतात, ह्याचे परिणाम आमच्या भाषेपर्यंत येऊन पोंचलेले आहेत. शिवाय मूळ ग्रंथ कीं भाषांतर, हा वाद कोणत्या धर्मांत नाहीं?

ग्रीकाच्या विरोधकांचा पहिला आक्षेप वेळेचा. पाद्रयाला आज दुःखितांचें समाधान करावें लागतें, व्यसनाधीनांस सांवरावें लागतें, मंडळीचा जमाखर्च पाहावा लागतो. मरणाच्या दारीं असलेला मनुष्य त्याला क्रियापदाचें रूप विचारीत नाहीं, असें एका वक्त्यानें सांगितलें आणि टाळ्या मिळविल्या. वैद्यालाही रोगी शरीरशास्त्रांतील स्नायूंचीं नांवें विचारीत नाहीं. म्हणून वैद्यकाच्या शाळेंतून शरीरशास्त्र काढून टाकावें असें कोणी म्हणत नाहीं, एवढेंच येथें सांगितलें म्हणजे पुरे. हा वाद नवाही नाहीं. टेनेसी व केंटकीच्या सरहद्दीवरील रानवट मुलखांत उपदेशकांची निकड भासली तेव्हां, प्रेस्बिटेरियनांनीं ठरविलेलें विद्वत्तेचें माप न भरणाऱ्यांस दीक्षा द्यावी कीं नाहीं, ह्यावरून मोठें भांडण झालें. मतभेदाचीं दुसरीं कारणेंही होतीं, पण हें एक मुख्य होतें, आणि १८१० सालीं कंबरलंड प्रेस्बिटेरियन म्हणून वेगळी चूल मांडली गेली. त्या लोकांचें निदान खरें तरी होतें. पन्नास पन्नास मैलांत एक पाद्री नव्हता. आजच्या गृहस्थांस ती अडचण नाहीं. ज्ञान त्यांच्या दाराशीं येऊन बसलें आहे आणि तें त्यांस नको आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा असल्यामुळें त्याचा परामर्श सविस्तर घेतला पाहिजे. इंग्रजींत एकाहून एक सरस भाषांतरें आहेत. तीं एकट्यादुकट्यानें केलेलीं नसून पंडितांच्या समित्यांनीं केलेलीं आहेत. संगणकावर बोट ठेवतांच प्रत्येक ग्रीक शब्दाचा अर्थ व व्याकरण पुढें येतें. मग दोन वर्षें रूपें घोकण्यांत तरुणांचें आयुष्य कां घालवावें? हा प्रश्न विचारणाऱ्यांनीं भाषांतरें कशीं होतात ह्याचा इतिहास वाचलेला दिसत नाहीं.

विल्यम टिंडेल ह्यानें १५२६ सालीं ग्रीकावरून केलेला इंग्रजी नवा करार छापून आणिला. 'एक्लेसिआ' ह्या शब्दास त्यानें चर्च हा रूढ शब्द न वापरतां मंडळी अशा अर्थाचा शब्द घातला, आणि 'प्रेस्ब्युतेरोस' ह्यास धर्मगुरु न म्हणतां वडील मनुष्य म्हटलें. शब्द दोनच, पण त्यांनीं सबंध धर्मपीठाचा पाया हालला, आणि सर टॉमस मोरसारख्या पंडितानें त्यावर रागानें पानेंच्या पानें लिहिलीं. १५३६ सालीं टिंडेलास गळा आवळून मारलें व प्रेत जाळलें. पुढें पाऊणशें वर्षांनीं जेम्स राजाच्या संमतीनें नवें भाषांतर करावयाचें ठरलें, तेव्हां पंडितांच्या समित्या नेमल्या आणि त्यांस नियम घालून दिले. त्यांपैकीं तिसरा नियम असा कीं, जुने धर्मव्यवहारांतले शब्द ठेवावे, 'चर्च'च्या ठिकाणीं 'मंडळी' हा शब्द येऊं देऊं नये. म्हणजे ग्रीकांत काय आहे हें पाहण्यापूर्वीं इंग्रजींत काय यावयाचें तें ठरलेलें होतें. १६११ च्या त्या भाषांतराचें इंग्रजी आम्ही आजवर शिकवीत आलों, आणि त्याच्या गांभीर्यापुढें आम्ही नेहमींच मान लववितों. पण समितीनें केलें म्हणून तें निःपक्षपाती झालें, हें आम्हांस कोणीं सांगूं नये. समितीला पोशिंदा असतो.

त्याच ग्रंथाच्या अगदीं शेवटच्या पानावर एक मौज आहे. १५१६ सालीं इरॅस्मसानें बाझेल येथें ग्रीक नवा करार छापिला, तेव्हां प्रकटीकरणाची जी एक हस्तलिखित प्रत त्याच्यापाशीं होती तिचें शेवटचें पान गहाळ झालेलें होतें. छापखान्याची घाई, म्हणून त्यानें शेवटचीं सहा वचनें लॅटिनावरून उलट ग्रीकांत स्वतःच रचून घातलीं! ग्रीक हस्तलिखितांत जेथें 'जीवनाचें झाड' आहे तेथें लॅटिनांतील चुकीमुळें 'जीवनाचें पुस्तक' झालें, आणि तेंच पुस्तक पुढें शतकानुशतकें इंग्रज वाचकानें देववाणी म्हणून वाचलें. ही चूक ज्यांनीं शोधली ते ग्रीक येणारे होते. भाषांतर कितीही वेळां वाचलें असतें तरी तिचा पत्ता लागला नसता. आडांत काय आहे हें पोहऱ्याला विचारून कळत नाहीं.

आतां एक शब्द घेऊं. येशूच्या उपदेशाचा मत्तयानें दिलेला आरंभच ज्या शब्दानें होतो त्याचें मूळ 'मेतानोइआ'. लॅटिन भाषांतरानें त्याचें जें रूप केलें त्याचा अर्थ 'प्रायश्चित्त करा' असा घेतला जाई, आणि प्रायश्चित्त म्हटलें कीं तें ठरविणारा आला, त्याचा दर आला, दक्षिणा आली. ग्रीक शब्दाचा रोख मन पालटण्याकडे, आणि त्याच्या मागें उभ्या असलेल्या हिब्रू शब्दाचा रोख तर सरळ मागें फिरण्याकडे आहे. हें ध्यानीं आल्यावर आपल्यास काय वाटलें तें ल्यूथरानें १५१८ सालीं स्टाउपित्स ह्या आपल्या वडीलधाऱ्यास पत्रानें कळविलें आहे. युरोपाचे दोन तुकडे ज्या वादानें झाले त्याच्या मुळाशीं कारणें अनेक होतीं. पण त्यांत एका ग्रीक नामाचा वाटा लहान नाहीं. मराठी बायबलांत त्या जागीं 'पश्चात्ताप' हा शब्द आहे. तो प्रायश्चित्ताहून बरा. तरी त्यांत मागाहून होणारा ताप आहे, वळणें नाहीं. मनुष्य जन्मभर पश्चात्ताप करीत त्याच वाटेनें चालूं शकतो, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

उलट कित्येक ठिकाणीं मराठीस जें सहज साधतें तें इंग्रजीस साधत नाहीं, पण साधतें हें कळण्यास मूळ पाहावें लागतें. आडोल्फ डाइसमान ह्या जर्मन पंडितानें ईजिप्तच्या वाळूंत सांपडलेले पपायरस, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या पावत्या, पत्रें व करारनामे, तपासून १९०८ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं नव्या कराराचें ग्रीक ही कांहीं स्वर्गींची निराळी भाषा नव्हे. ती बाजाराची व घरगुती पत्रांची भाषा होय. रस्त्यांत कर्णा वाजवून दानधर्म करणाऱ्या दांभिकांविषयीं मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत जें क्रियापद आहे, तेंच त्या पावत्यांवर आढळतें. आमच्याकडे पावतीवर 'भरून पावलों' असें लिहीत, तोच अर्थ. दांभिकांचें येणें फिटलें. आतां वर कांहीं बाकी नाहीं! तसाच पौलाचा 'आर्राबोन' हा शब्द. इंग्रज टीकाकार त्यावर परिच्छेद लिहितात; आमचा बैलबाजारांतला शेतकरी 'इसार' म्हणून मोकळा होईल.

संगणक हें सारें दाखवील असें म्हणतात. दाखवील, पण कोठें बोट ठेवावें हें कोण सांगणार? शंका येण्यास भाषा लागते. शंकाच आली नाहीं तर कोशाच्या दहा पेट्या जवळ असून काय उपयोग? शिवाय कोशावर नुसतें बोट ठेवून विद्वान झालेल्यांचे मासले आम्हीं त्या चार महिन्यांत पाहिले. एका रविवारीं एका उपदेशकानें सांगितलें कीं पौलाचा 'द्युनामिस' म्हणजे सामर्थ्य हा शब्द आणि डायनामाइट एकाच मुळाचे, म्हणून सुवार्तेचें सामर्थ्य हें सुरुंगासारखें. नोबेलानें त्या दारूचें पेटंट घेतलें १८६७ सालीं. पौलास तिची कल्पना असणें अंमळ कठीण होतें. दुसऱ्या एकानें 'अगापे' म्हणजे केवळ दैवी, निःस्वार्थ प्रेम आणि 'फिलिआ' म्हणजे मानवी स्नेह, असा नकाशा काढून दाखविला. योहानाच्या तिसऱ्या अध्यायांत पिता पुत्रावर प्रेम करितो तेथें एक क्रियापद आहे, पांचव्यांत दुसरें. आणि जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत अम्नोनानें आपल्या बहिणीवर, तामारेवर, जो पाशवी मोह धरिला त्यालाही हेंच 'दैवी' क्रियापद लाविलें आहे. जेम्स बार ह्यांनीं १९६१ सालीं ह्या शब्दव्युत्पत्तीच्या खुळाची चांगलीच हजेरी घेतली, तरी तें जात नाहीं. अर्ध्या हळकुंडानें पिवळें होण्याचा हा प्रकार. विरोधक म्हणतात, पाहा, ग्रीक शिकवून हेंच होतें! आम्ही म्हणतों, हें ग्रीक न शिकविल्यानें होतें. दोन वर्षें गद्य वाचलेला मनुष्य असलें बोलणार नाहीं. शब्द वाक्यांत राहतो, कोशांत नव्हे, हें तो शिकलेला असतो.

शिकणें फार कठीण आहे, ही तक्रार तर आम्हांस ऐकवत नाहीं. नव्या करारांत एकंदर शब्द सुमारें १,३८,०००. परंतु त्यांतील निरनिराळे शब्द सुमारें ५,४००च, आणि पन्नास किंवा अधिक वेळां येणारे सुमारें ३१० शब्द अवगत झाले म्हणजे पांचांतले चार शब्द ओळखीचे होतात. मेचनसाहेबांनीं प्रिन्स्टन येथील अनुभवावरून १९२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या छोट्या व्याकरणावर पिढ्यान् पिढ्या शिकल्या. ज्याला थोडें संस्कृत येतें त्यास तर हें शेजारघर. एके दिवशीं गुरुजी क्रियापदाचा मध्यम प्रयोग समजावीत होते आणि मुलांचे चेहरे कोरे होते. आम्ही भीत भीत म्हटलें कीं आमच्याकडे ऋत्विज यजमानासाठीं यज्ञ करतो तेव्हां 'यजति', आणि यजमान स्वतःच्या फलासाठीं करतो तेव्हां 'यजते'. गुरुजींनीं खडू आमच्या हातीं दिला. पाणिनीचें नांव त्या फळ्यावर पूर्वीं कधीं लिहिलें गेलें असेल असें वाटत नाहीं.

'पांच वर्षांत विसरतात,' हा तिसरा आक्षेप. विसरतात खरे. शाळेंत शिकलेली भूमिति आम्हीही विसरलों. पण सिद्धता म्हणजे काय हें विसरलों नाहीं.

चौथा आक्षेप एका तरुण अध्यापिकेनें मांडला, आणि सबंध चर्चेंत मनाला लागलें तें तेवढेंच. ती म्हणाली, ग्रीकाची अट हें दाराचें कुलूप आहे. ज्यांस लहानपणापासून चांगल्या शाळा मिळाल्या त्यांनाच तें उघडतें. गरीब, काळे, स्थलांतरित, पन्नाशींत शिकावयास येणाऱ्या बाया, हे बाहेर राहतात. विद्येच्या नांवाखालीं पुरोहितशाहीच पुन्हां उभी राहते. ह्यावर हंसून चालणार नाहीं, निदान आम्हांस तरी नाहीं. देवभाषेचें कुलूप म्हणजे काय हें महाराष्ट्राला सांगावयास नको. ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत आमच्या संतांनीं काय सोसलें तें त्या कुलुपापायीं. तेव्हां त्या बाईंच्या तळमळीस आम्ही मान देतों. परंतु ज्ञानेश्वरांनीं गीता मराठींत आणली ती संस्कृत न शिकतां नव्हे. कुलूप मोडलें तें किल्ली हातीं आलेल्यांनीं. बाहेरच्यांस किल्ली न देतां 'तुम्हांला ह्या खोलीची गरजच नाहीं' असें सांगणें, ह्यांत उदारपणा कोणता? सक्ती गेली म्हणजे ग्रीक जाईल असें नव्हे. तें श्रीमंत विद्यापीठांत राहील, मोठ्या प्रकाशकांच्या समित्यांत राहील, आणि खेड्यांतल्या पाद्रयानें वरून येईल तो अर्थ निमूटपणें वाटावा असें होईल.

ह्या वादांत आमच्याकडची एक साक्ष आम्हांला त्या सभेंत द्यावीशी वाटली होती. पंडिता रमाबाई ह्यांस संस्कृताची किल्ली मिळाली ती, बायकांना विद्या शिकविणें पाप मानणाऱ्या काळांत, त्यांच्या बापानें लोकनिंदा सोसून त्यांच्या आईस व त्यांस शिकविलें म्हणून. १८८३ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण पाद्रयांनीं सांगितलेला अर्थ जसाच्या तसा स्वीकारणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. केडगांवच्या मुक्ति मिशनमध्यें, दुष्काळांतून व वैधव्याच्या हालांतून आणलेल्या शेंकडों बायकामुलींचा संसार चालवीत असतां, उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक ह्या दोन्ही भाषांचा अभ्यास केला आणि त्या भाषांवरून सबंध बायबल साध्या बायकांस समजेल अशा मराठींत उतरविलें. खिळे जुळविले तेही तेथल्याच बायकांनीं. १९२२ च्या एप्रिलांत बाई वारल्या. १९२४ सालीं ग्रंथ पुरा छापून निघाला. वाङ्मयदृष्ट्या त्या मराठीविषयीं कोणाचें कांहींही मत असो. वेळ नाहीं, वय झालें, कामें फार आहेत, हीं तिन्ही कारणें केडगांवीं त्यांना उपलब्ध होतीं, आणि त्यांनीं त्यांचा उपयोग केला नाहीं.

बायकांच्याच संबंधानें दुसरें एक उदाहरण द्यावयाचें राहिलें. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायांत पौल फीबी नांवाच्या बाईची शिफारस करतो आणि तिला 'दिआकोनोस' म्हणतो. हाच शब्द तो करिंथकरांच्या पत्रांत स्वतःस व अपुल्लोस ह्यास लावतो. १६११ च्या इंग्रजींत पौल व अपुल्लोस झाले धर्मसेवेचे अधिकारी. फीबी झाली नोकर. पुढें सातव्या वचनांत प्रेषितांत नामांकित म्हणून दोघांचा उल्लेख आहे, त्यांतलें दुसरें नांव यूनिया. चौथ्या शतकांतल्या क्रिसोस्टोमानें ही बाई म्हणूनच तिची वाखाणणी केली आहे. ग्रीकांत त्या नांवाचें जें विभक्तिरूप आलें आहे तें एका आघातचिन्हाच्या फरकानें स्त्रीचें किंवा पुरुषाचें होऊं शकतें, आणि जुन्या हस्तलिखितांत तीं चिन्हें नव्हतीं. नेस्तले ह्यांच्या प्रमाणभूत ग्रीक आवृत्तींत १९२७ सालीं ह्या बाईचा पुरुष झाला. ज्या पुरुषी नांवाचा प्राचीन लेखांत कोठें मागमूस नाहीं तें तिला चिकटलें, आणि १९९८ सालीं पुन्हां छापतांना ती बाई झाली. सत्तर वर्षें एका प्रेषित स्त्रीला एका लहानशा वक्र रेघेनें झांकून ठेविलें होतें! भाषांतरें त्या रेघेमागून मुकाट्यानें चाललीं. आमच्या वर्गांत पन्नाशी उलटलेली, पूर्वीं रुग्णालयांत परिचारिका असलेली एक विद्यार्थिनी होती; ती ज्या मंडळींत वाढली तेथें बाईला व्यासपीठावर उभें राहूं देत नसत, आणि त्याला आधार म्हणून वचनें दाखवीत. हें सातवें वचन तिनें ज्या दिवशीं स्वतः ग्रीकांत वाचलें त्या दिवशीं वर्ग सुटल्यावर ती बराच वेळ जागची उठली नाहीं. गुरुजींनीं दिवे तसेच ठेवले आणि ते बाहेर गेले.

ग्रीक शिकविण्याच्या पद्धतींत दोष नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. पहिलें वर्ष नुसत्या रूपावळींत काढणें चुकीचें. सहाव्या आठवड्यापासून योहानाचें सोपें गद्य हातीं द्यावें. परीक्षेंत कोश जवळ ठेवूं द्यावा. नोकरी करून शिकणाऱ्यांस तीन वर्षांऐवजीं चार द्यावीं, आणि त्या चौथ्या वर्षाचा खर्च सेमिनरीनें सोसावा. नव्या इमारतींसाठीं जे दाते मिळतात ते ह्या कामीं कां मिळूं नयेत?

त्या परिचारिकाबाईंचें मागील महिन्यांत पत्र आलें. सूचना मंजूर झाली. ग्रीक ऐच्छिक झालें. दुसऱ्या वर्षाच्या वर्गांत ती धरून चौघे उरले आहेत आणि मार्काचा शेवटचा अध्याय चालू आहे. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत तो ग्रंथ सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर, बाया थडग्यापासून पळाल्या आणि कोणास कांहीं बोलल्या नाहींत, येथें संपतो. आणि शेवटचा शब्द 'गार' हें 'कारण' अशा अर्थाचें लहानसें अव्यय आहे. असल्या अव्ययावर कोणी पुस्तक संपवील काय, कीं पुढचें पान फाटलें, कीं लिहिणाऱ्याचा हात अडला, ह्यावर चौघांचा तासभर वाद झाला, आणि पुढल्या मंगळवारीं तो पुन्हां व्हावयाचा आहे, असें तिनें लिहिलें आहे.